परक्या देवाच्या दाराशीं

शत्रूनें उभारलेली वस्तु सुंदर असेल, तर तिच्याकडे पाहून आनंद मानावा कीं नाहीं, हा प्रश्न नीतिशास्त्रावरील ग्रंथांतून सहसा आढळत नाहीं. शत्रूशीं कसें लढावें, शरण आलेल्यास कसें वागवावें, तह केव्हां करावा आणि केव्हां मोडावा, याचा खल सर्व देशांतील पंडितांनीं भरपूर केला आहे. परंतु शत्रु निघून गेल्यावर त्याचें जें देवालय मागें उरतें, त्याच्यापुढें उभें राहून मनानें काय करावें, याविषयीं ते बहुधा मौन धरतात. याचें कारण शोधावयास फार दूर जावयास नको. पूर्वीं यात्रेकरू आपल्या देवाकडे जात असे आणि सैनिक दुसऱ्याच्या देवाकडे जात असे. नुसतें पाहण्याकरितां दुसऱ्याच्या देवाच्या घरीं जाणारा मनुष्य हा अगदीं अलीकडचा प्राणी आहे. आगगाडी, रजा आणि थोडी शिल्लक, हीं तीन एकत्र आल्यावांचून तो जन्मास येत नाहीं. आणि आमच्या यवतमाळासारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांत त्यांपैकीं तिसरी पावसाच्या मर्जीवर अवलंबून असते. त्यामुळें हा प्रश्न आमच्या घरांत शिरला तो उशीरा, आणि शिरला तोही एका बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडून.

पंधरा ऑगस्टला जोडून आलेल्या रजेंत आम्ही सहकुटुंब गोव्यास गेलों होतों. बरोबर आमच्या मातोश्री होत्या, आणि त्यांचे धाकटे बंधु, म्हणजे आमचे मामा, होते. मामांनीं जन्मभर जिल्ह्यांतील एका शाळेंत इतिहास शिकविला; सन आणि तिथि यांच्या बाबतींत त्यांच्याशीं वाद घालण्याचें धैर्य घरांत कोणासही नाहीं. ज्या दिवशीं जुनें गोवें पाहावयाचें ठरलें, त्या दिवशीं पहांटेपासून पावसानें जी झोड उठविली ती दिवेलागणीपर्यंत थांबली नाहीं. यवतमाळास सबंध वर्षांत जेवढा पाऊस पडतो त्याच्या सुमारें तिप्पट गोव्यास पडतो, हें पुस्तकांत वाचणें वेगळें, आणि त्या पावसांत म्हाताऱ्या माणसांना हात धरून मोटारींतून उतरविणें वेगळें. वऱ्हाडांतल्या माणसाला पाऊस नुसता पाऊस म्हणून पाहतांच येत नाहीं. तो मनांतल्या मनांत त्याची एकरांनीं वाटणी करूं लागतो. खिडकींतून मांडवीचें तांबडें पाणी पाहत मामा म्हणाले, “एवढें सगळें समुद्रांत चाललें, आणि तिकडे आपली कपाशी आभाळाकडे पाहत बसली असेल.”

पणजीपासून नदीच्या कांठानें सुमारें १० किलोमीटर गेलें म्हणजे जुनें गोवें लागतें. ‘लागतें’ हें क्रियापद येथें थोडें फसवें आहे, कारण लागावें असें शहर तेथें राहिलेलें नाहीं. एके काळीं ज्याच्या वैभवाच्या कथा लिस्बनपर्यंत सांगितल्या जात, त्या राजधानीस साथीच्या तापांनीं हळूहळू ओस पाडलें. १८४३ सालीं राजधानीचा मान अधिकृतपणें पणजीस गेला, आणि मागें उरलीं तीं चर्चें, मठ, हिरवळ आणि ताडामाडाचीं झाडें. संत ऑगस्टीनच्या मठाचा मनोरा सुमारें ४६ मीटर उंचीचा होता. १८३५ सालीं मठ सोडून दिल्यावर १८४२ सालीं त्याचें छत बसलें, १९३१ सालीं मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला, आणि आतां जें उभें आहे तें अर्धें उभें आहे. जवळच एक काळ्या दगडाचा नक्षीदार दरवाजा आदिलशाही वाड्याचा म्हणून दाखवितात. दरवाजाच्या आंत वाडा नाहीं. राजसत्तांचा एवढा स्वच्छ हिशेब एकाच मैदानांत मांडलेला दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल.

या सर्वांत मोठी इमारत म्हणजे संत कॅथरीनचें कॅथीड्रल. तेथील लोक त्याला ‘से’ म्हणतात. आल्बुकर्कनें गोवें जिंकलें तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०. ख्रिस्ती पंचांगांत तो संत कॅथरीनचा सण, म्हणून जिंकलेल्या नगराची ती अधिष्ठात्री ठरली आणि तिच्या नांवानें देवालय झालें. सध्यांच्या इमारतीचें काम १५६२ सालीं, राजा सेबास्तियांवच्या अमदानींत, सुरू झालें. मुख्य बांधणी १६१९ पर्यंत चालली, आणि आंतील वेदींचें काम पुरें व्हावयास १६५२ साल उजाडलें. म्हणजे ज्यानें पहिला दगड बसविला त्याच्या नातवानें शेवटची वेदी पाहिली असेल, तर तोही म्हातारपणींच. इमारतीची लांबी सुमारें ७६ मीटर आहे. समोरच्या बाजूस दोन मनोरे होते. त्यांतील एक १७७६ सालीं कोसळला आणि पुन्हां बांधला गेला नाहीं. युरोपांत कोलोनच्या कॅथीड्रलचें काम १२४८ सालीं सुरू होऊन मध्यें शतकेंच्या शतकें पडून राहिलें, तरी तेथील लोकांनीं १८८० सालीं तें पुरें केलें; येथें मात्र मनोरा पडला तेव्हां तो उभारण्याची उमेद असलेली सत्ताच म्हातारी झाली होती. उरलेल्या मनोऱ्यांत गोव्यांतील सर्वांत मोठी घंटा आहे. तिच्या नादावरून तिला ‘सोन्याची घंटा’ असें नांव पडलें आहे.

भर पावसांत आम्ही दाराशीं आलों, आणि तेथें आमच्या मंडळींत फूट पडली.

मातोश्रींनीं उंबरठ्याबाहेर चपला काढल्या. तेथें कोणी काढीत नव्हतें; लोक ओले बूट वाजवीत आंत जात होते. मामा म्हणाले, “ताई, येथें पायांतलें काढीत नाहींत.” मातोश्री म्हणाल्या, “ते नसतील काढीत. मला नाहीं जमत.” मग त्यांनीं विचारलें, “तूं येत नाहींस?” मामांनीं छत्री उघडीच ठेविली होती. “तुम्ही पाहून या. मी येथें पायरीवर उभा राहतों.” “पावसांत?” “पावसांतच.” मातोश्रींनीं पुढें कांहीं विचारलें नाहीं, भावाचा स्वभाव त्यांना पाळण्यापासून ठाऊक आहे. त्या ओल्या पायांनीं आंत गेल्या, मधल्या वाटेनें थोडें पुढें जाऊन त्यांनीं दोन्ही हात जोडले, आणि पदरानें तोंड पुसलें. आमचा मुलगा उंबरठ्यावर थांबला होता. एकीकडे हात जोडलेली आजी, दुसरीकडे छत्रीखालीं उभे असलेले मामाआजोबा. त्यानें विचारलें, “बाबा, मी आंत जाऊं कीं यांच्याजवळ थांबूं?”

आम्ही त्याला सांगितलें, “आधीं आंत जाऊन नीट पाहा, मग बाहेर येऊन मामाआजोबांना विचार.” वेळ निभावून नेण्यापुरतें हें उत्तर ठीक होतें. परंतु मुलाचा खरा प्रश्न त्यानें सुटला नाहीं, आणि आजही आम्ही तो पुन्हां पुन्हां हातीं घेऊन पाहत असतों. कारण या प्रश्नाचें उत्तर मुलाला जसें मिळेल तसा तो पुढें वागणार, आणि आजच्या दिवसांत परक्याच्या देवळापुढें आपण कसें वागतों ही गोष्ट नुसत्या शिष्टाचाराची राहिलेली नाहीं.

मामांची बाजू प्रथम मांडली पाहिजे, कारण ती हट्टाची नाहीं. ख्रिस्ती धर्माविषयीं त्यांना वैर नाहीं; येशूच्या चरित्राचा धडा ते वर्गांत शिकवीत तेव्हां शेवटच्या बांकावरचीं पोरेंही गप्प बसत. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, हें देवालय प्रार्थनेसाठीं बांधलें त्याआधीं तें विजयासाठीं बांधलें. १५४० च्या सुमारास या बेटांवरील देवळें पाडण्यांत आलीं. समोर नदीपलीकडे दिवाडी बेट दिसतें; तेथें कदंबांचें कुलदैवत सप्तकोटेश्वर होतें. तें देऊळ बहामनी फौजांनीं एकदां पाडलें, विजयनगरच्या माधवमंत्र्यानें पुन्हां उभारलें, आणि पोर्तुगीजांनीं दुसऱ्यांदा पाडलें. १५६० सालीं कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी नदी ओलांडून प्रियोळास गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. १५६७ च्या सुमारास साष्टींतील देवळें पडलीं. त्याच १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायासन बसलें, आणि मध्यंतरीं थोडी वर्षें वगळतां तें १८१२ पर्यंत चाललें. त्याच्या वाड्यास लोक भीतीनें ‘व्हडलें घर’ म्हणत, आणि तो वाडा याच कॅथीड्रलजवळच्या चौकांत होता. म्हणजे या भिंती चढत होत्या तेव्हां शेजारीं काय चाललें होतें, हें या भिंतींना ठाऊक आहे. अशा ठिकाणीं जाऊन ‘काय कमान आहे!’ असें म्हणणें मामांच्या जिभेवर येत नाहीं.

याला आमच्या सुशिक्षित वर्गाकडे एक तयार उत्तर असतें : कलेला धर्म नसतो. हें वाक्य आम्हीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं तें कोणी उच्चारलें म्हणजे उच्चारणाऱ्यास त्या विषयाचा कंटाळा आला आहे असें आम्ही समजतों. ज्याला कांहीं सोसावें लागलें नाहीं त्याला तें फार स्वस्तांत पडतें. शिवाय तें खरेंही नाहीं. ‘से’ ज्यांनीं बांधलें त्यांनीं तें कलेसाठीं बांधलें नाहीं. त्यांनीं तें आपल्या देवासाठीं आणि आपल्या राजाच्या कीर्तीसाठीं बांधलें. त्यांतून धर्म आणि विजय हीं दोन्ही बाजूला काढून उरलेल्या चुन्यादगडाची स्तुति करणें म्हणजे बांधणाऱ्याचा आणि ज्यांच्या डोक्यावर तें बांधलें त्यांचा, दोघांचाही अपमान करणें होय. एखाद्या मनुष्याचें पत्र वाचावें, त्यांतील मजकूर सोडून द्यावा, आणि अक्षर किती सुरेख आहे एवढेंच म्हणावें, तशांतला हा प्रकार आहे.

तेव्हां मजकूर वाचावयास हवा. आणि मजकूर वाचूं लागलें म्हणजे ‘से’च्या मुख्य वेदीपाशीं एक विलक्षण गोष्ट दिसते.

ती वेदी म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेल्या लांकडी कोरीव कामाची एक प्रचंड भिंतच आहे. बाहेर पावसानें उजेड अंधुक झाला होता, त्यामुळें तें सोनें झगमगत नव्हतें; निखाऱ्यावर राख धरल्यासारखें मंद दिसत होतें. तिच्यावर संत कॅथरीनच्या जीवनांतील प्रसंग कोरलेले आहेत. कथा अशी कीं, अलेक्झांड्रियाच्या या विदुषी कुमारिकेनें सम्राटाच्या देवतांना बळी देण्याचें नाकारलें. सम्राटानें तिच्याशीं वाद करावयास पन्नास पंडित बसविले, ते हरले. मग तिला खिळ्यांच्या चाकाला बांधण्याचा हुकूम झाला, तें चाक मोडलें. शेवटीं तिचा शिरच्छेद करण्यांत आला. मुलानें तें सर्व निरखून पाहिलें आणि विचारलें, “म्हणजे तिनें धर्म बदलला नाहीं म्हणून तिला मारलें?” आम्ही म्हणालों, “होय.” तो तडक बाहेर गेला आणि पायरीवरच्या मामांना त्यानें ती सगळी गोष्ट सांगितली. मामांना ती ठाऊक असलीच पाहिजे; तरी त्यांनीं ती पहिल्यानें ऐकत असल्यासारखी ऐकून घेतली. मग म्हणाले, “मग ती बाई माझ्या बाजूची आहे.” मात्र ते आंत आले नाहींत.

मामा विनोदानें बोलले असतील; परंतु त्यांच्या त्या वाक्यांत जो अर्थ आहे त्याच्यापुढें आम्हांस नीतिशास्त्राचे बरेच सिद्धांत फिके वाटतात. राजाच्या हुकुमानें आपली श्रद्धा सोडण्यास जिनें नकार दिला, त्या स्त्रीच्या नांवानें हें देवालय उभें आहे. आणि त्याच्या सावलींत अडीचशें वर्षें राजाच्या हुकुमानें लोकांच्या श्रद्धांची झडती घेतली जात होती. हा केवळ शब्दांचा खेळ नाहीं. गार्सिया द ओर्ता नांवाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यांत राहत असे. हिंदुस्थानांतील औषधी वनस्पतींवर त्यानें लिहिलेला ग्रंथ गोव्यांतच १५६३ सालीं छापला गेला, आणि वनस्पतिशास्त्राच्या इतिहासांत त्याला आजही मान आहे. तो ज्यू कुळांतला होता. १५६८ सालीं तो वारला. १५६९ सालीं त्याच्या बहिणीला गुप्तपणें ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यांत जिवंत जाळण्यांत आलें. आणि १५८० सालीं त्याची स्वतःचीं हाडें थडग्यांतून उकरून जाळण्यांत आलीं. त्या बहिणीचें नांव कातारिना होतें. कातारिना म्हणजेच कॅथरीन. एका कॅथरीनच्या नांवाच्या भिंती वर चढत होत्या, त्याच गांवांत दुसऱ्या कॅथरीनला, पहिलीच्या गुन्ह्यासारख्याच गुन्ह्याकरितां, मृत्यूची शिक्षा झाली. ज्यांनीं शिक्षा दिली ते त्या वेदीपुढें गुडघे टेकीत असतील तेव्हां त्यांच्या मनांत हें एकदांही आलें नसेल काय? आमचा तर्क असा कीं, आलें नसेल. आपल्या देवाच्या हुतात्म्याची गोष्ट मनुष्य नेहमीं हुतात्म्याच्या बाजूनें वाचतो. आपण त्या गोष्टींतला सम्राट झालों आहों हें त्याला कळत नाहीं. हा दोष पोर्तुगीजांचाच आहे असें समजून समाधान मानण्यास आम्ही तयार नाहीं.

कारण आतां आमच्या घराकडे वळूं. यवतमाळजवळ लोहारा येथें हेमाडपंती बांधणीचें शिवमंदिर आहे. कळंबास चिंतामणि आहे, तेथें पायऱ्या उतरून खालीं दर्शनास जावें लागतें. चुन्याशिवाय एकावर एक नेमके बसविलेले ते काळे दगड पाहिले म्हणजे आमची छाती अभिमानानें भरून येते, आणि मुलांना आम्ही यादवांच्या वैभवाची गोष्ट सांगतों. परंतु अशा देवळांच्या पायरीशीं शतकानुशतकें कांहीं माणसें उभीं होतीं, आणि तीं मामांसारखीं आपण होऊन उभीं नव्हतीं. चोखोबा पंढरीस आयुष्यभर महाद्वाराबाहेर राहिला, आणि त्याची समाधिही महाद्वाराबाहेरच आहे. १९२७ सालीं अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळांत प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य मानलेल्या आमच्याच वऱ्हाडच्या लोकांना चळवळ करावी लागली, डॉ. आंबेडकर त्यासाठीं अमरावतीस परिषदेच्या अध्यक्षस्थानीं येऊन बसले. १९३० सालीं नाशिकास काळारामाच्या दारांत सत्याग्रह झाला. मे १९४७ मध्यें साने गुरुजींना पंढरपुरास उपोषण करावें लागलें, तेव्हां कोठें विठ्ठलाचें दार उघडलें. ही यादी वाढवावी तेवढी वाढेल.

तेव्हां आम्ही स्वतःस असा प्रश्न विचारतों : ज्याच्या आजोबाला आमच्या देवळाची पायरी चढूं दिली नाहीं, असा एखादा मनुष्य उद्यां त्याच पायरीवर छत्री उघडून उभा राहिला, आणि ‘मी आंत येत नाहीं, या कोरीव खांबांची मला स्तुति करवत नाहीं’ असें म्हणाला, तर मामांच्या वागण्यास आम्ही जो मान देतों तो त्याला देऊं काय? दगडाला पाप लागतें असें एकदां म्हटलें म्हणजे तें पाप कोणत्या दगडाला लागलें आणि कोणत्याला नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार आमच्याकडे उरत नाहीं. आणि ‘कलेला धर्म नसतो’ हें वाक्य जर आपण त्या मनुष्याला ऐकवूं शकत नसूं, तर तें मामांना ऐकविण्यांत अर्थ नाहीं.

मग सर्वांनींच सर्वांच्या दाराबाहेर उभें राहावें काय? जगांत तसें करावयाचें म्हटलें तर आंत कोणी उरणार नाहीं. कॉर्डोव्हाची मशीद १२३६ सालीं चर्च झाली. कॉन्स्टँटिनोपलचें मोठें चर्च १४५३ सालीं मशीद झालें, १९३५ सालीं संग्रहालय झालें, आणि २०२० सालीं पुन्हां मशीद झालें. हात जोडणाऱ्यांची रांग मात्र प्रत्येक वेळीं होती. ती रांग खोटी होती असें म्हणण्याची आमची तयारी नाहीं.

रांगेवरून एक गोष्ट आठवली. ‘से’मध्यें आम्ही वेदी पाहत असतां एक वृद्ध बाई डावीकडच्या बांकावर येऊन बसल्या. छत्री त्यांनीं बांकाखालीं सरकविली, हातांत जपमाळ घेतली, आणि ओठांतल्या ओठांत कोंकणींतून कांहीं म्हणूं लागल्या. आमच्याकडे त्यांनीं पाहिलेंही नाहीं. पाहण्यास येणारांची त्यांना सवय असली पाहिजे. त्या आल्बुकर्कच्या कोणी लागत नव्हत्या. त्यांचे पूर्वज याच बेटांवरच्या एखाद्या गांवांत शेत करीत असतील, आणि देवळें पडलीं तेव्हां कोणी देव घेऊन नदीपार गेले तसे ते गेले नसतील. जमीन सोडून जाणें प्रत्येकाला साधत नाहीं. शेतकऱ्यांच्या जिल्ह्यांत राहणारास हें निराळें समजावून सांगावयास नको. आणि इतिहासाचा एक मुद्दा येथें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. धर्मन्यायासनाचा मुख्य मारा होता तो बाप्तिस्मा घेतलेल्यांवर : नवा धर्म घेऊनही जुने सण, जुन्या चाली ज्यांच्या घरांत चोरून चालत, त्यांच्यावर. म्हणजे गोव्यांत ज्यांनीं अधिकांत अधिक सोसलें त्यांचे वारस पायरीवर उभे नाहींत. ते आंत बांकावर बसले आहेत. यवतमाळच्या इतिहासशिक्षकापेक्षां त्या जखमेवर त्या बाईंचा हक्क मोठा आहे. तिचें काय करावयाचें तें त्यांनीं, आणि त्यांच्या आजीपणजींनीं, केव्हांच ठरविलें आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजीं राज्य गेलें, राज्यकर्ते गेले. देऊळ त्या बाईंकडे राहिलें. आतां त्या इमारतीचा अपमान केला तर तो पोंचतो कोणाला? लिस्बनला नव्हे.

आणि मराठी वाचकाला तर या प्रकरणांत आणखी एक घरगुती अडचण आहे. या देवालयाची बांधणी चालू असतां, १५७९ सालीं, थॉमस स्टीफन्स नांवाचा इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यांत उतरला, येथील भाषा शिकला, आणि १६१६ सालीं त्यानें ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापून काढलें. आपल्या संतांच्या छंदांत, आपल्या पुराणांच्या थाटांत, एका परक्या देवाची कथा. त्याचा हेतु आम्हांस ठाऊक आहे. तो धर्मप्रसाराचा होता, आणि देवळें पडल्यामुळें ज्यांच्या कानांवर पुराणाचे शब्द पडेनासे झाले होते त्यांच्यासाठींच तो ग्रंथ होता. तरीसुद्धां मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारा कोणीही त्याला दाराबाहेर ठेवीत नाहीं. ठेवावें असें मामांनाही वाटत नाहीं. त्यांच्या कपाटांत त्याची प्रत आहे. आम्हीं त्यांना ही विसंगति एकदां दाखविली. ते म्हणाले, पुस्तक वाचतांना गुडघे टेकावे लागत नाहींत.

येथें मात्र मामांनीं नेमक्या ठिकाणीं बोट ठेविलें असें आम्हांस वाटतें. पाहणें आणि वंदन करणें या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आमच्या पिढीनें त्यांची गल्लत केली आहे. मामांना वंदन करवत नव्हतें, म्हणून ते पाहावयासही गेले नाहींत. कित्येक प्रवासी पाहतां पाहतां कोठेंही हात जोडून मोकळे होतात, कारण त्यांच्या हातांना त्याचें कांहींच ओझें नसतें. मातोश्रींचें वागणें या दोहोंत बसत नाहीं. त्यांना त्या गांवचा इतिहास मामांइतका नसला तरी थोडाफार ठाऊक होता. प्रवासभर मामा दुसरें बोलत तरी काय होते? तरी त्यांनीं चपला काढल्या. रात्रीं आम्हीं त्यांना विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, “ती बाई जप करीत बसली होती ना? तिच्या घरांत ओल्या चपला कशा न्यायच्या?” वास्तविक त्या बाई नंतर आल्या, चपला आधीं निघाल्या होत्या. आम्हीं तें बोलून दाखविलें नाहीं. कोणी तरी तेथें जप करीत असणारच, हें त्यांनीं दारांतच धरून घेतलें होतें.

मुलाला पुढें काय सांगितलें, असें कोणी विचारील. सनावळी आम्हीं लपविली नाहीं; १५६०, १५६९, १८१२ हीं सालें त्याच्या वहींत मामांनींच लिहून दिलीं आहेत, आणि त्यांच्याखालीं १९२७ आणि १९४७ हीं आम्हीं लिहिलीं. खालचीं दोन वाचून मामांनीं चष्मा काढून पुसला; खोडलीं नाहींत.

त्याच दिवशीं दुपारीं, पाऊस तसाच कोसळत असतां, आम्ही फोंड्याकडे वळून कवळ्यास शांतादुर्गेच्या दर्शनास गेलों. केळशीहून देवी आणली तेव्हां येथें रान होतें. सध्यांचें देऊळ १८ व्या शतकांत, छत्रपति शाहूंच्या काळांत, उभें राहिलें. येथें मामा सर्वांच्या पुढें होते. त्यांनीं पायांतलें काढलें, तळ्यावर पाय धुतले, आणि सभामंडपांत शिरतांना ते मध्येंच थबकले. शिखराच्या जागीं घुमट. भिंतींत ओळीनें युरोपी धर्तीच्या कमानींच्या खिडक्या. छताला टांगलेलीं कांचेचीं झुंबरें. सकाळीं जें पाहण्याचें त्यांनीं नाकारलें होतें त्यांतलें बरेंचसें येथें त्यांच्या डोक्यावर होतें. ज्यांनीं देव घेऊन रात्रींच्या रात्रीं नदी ओलांडली, त्यांच्याच वंशजांनीं त्या देवांसाठीं घर बांधतांना पळवून लावणाऱ्याच्या घराचा घाट उचलला होता. आम्ही मामांच्या तोंडाकडे पाहत राहिलों. ते म्हणाले, “गवंडी मिळाले ते त्यांच्याकडेच शिकलेले. दुसरें काय बांधणार?” तेंही खरें असेल. गवंड्याला कमान घालतां येते तशी तो घालतो, आणि घालणाऱ्याच्या मनांत त्या वेळीं काय होतें हें कोणत्याही दप्तरांत लिहिलेलें सांपडत नाहीं. परंतु पुजाऱ्यानें आरतीची तयारी चालविली होती, त्यामुळें हा वाद तेथेंच राहिला.